‘निवडलेले लोक’ की ‘वरलेले’?

प्रश्न : भायखळ्याला आम्ही काही जण मिळून बायबलचा जुना करार वाचतो. ‘देवाने निवडलेले लोक’ आलं की गाडी अडते. सगळ्यांच्या देवाने एकाच लोकांना का निवडावं? की ‘निवडणे’ हा शब्दच इथे बरोबर नाही?

उत्तर : शब्द चूक नाही, पण मराठी कानाला भलतीकडे नेतो. परातीत तांदूळ निवडताना खडा, तूस, किडका दाणा बाजूला पडतो. निवडण्यात टाकणं आलंच. मग ‘इस्राएलला’, म्हणजे ज्यू लोकांना, ‘निवडलं’ म्हटलं की बाकीचे सगळे खडे ठरतात आणि ऐकणाऱ्याला राग येतो. तो राग मला रास्त वाटतो.

मूळ संदर्भात मात्र टाकणं नाही. ‘निर्गम’ पुस्तकाच्या 19व्या अध्यायात ‘तुम्ही माझा खास ठेवा व्हाल’ याला लागूनच ‘सगळी पृथ्वी माझी आहे’ असं येतं, आणि पुढे लगेच ‘याजकांचं’, म्हणजे पुरोहितांचं, ‘राज्य’. म्हणजे काम सोपवलं आहे. यासाठी मला ‘वरणे’ जवळचा वाटतो. मुलगी नवरा वरते, आणि यजमान अनुष्ठानासाठी ऋत्विज, म्हणजे पुरोहित, वरतो. ‘मंत्रिमंडळात वर्णी लागली’ मधली वर्णी हीच. जीव लावणं आणि कामाला बांधून घेणं, दोन्ही यात आहे.

कोकणातल्या बेने इस्राएलींना, म्हणजे तिथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंना, शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवार हा त्यांच्या धर्माने सांगितलेला विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी त्यांचा घाणा बंद. देवाने यांना वरलं आहे हे गावाला दिसायचं ते असं, एक दिवसाच्या धंद्यावर पाणी सोडण्यातून. मुंबईच्या मांडवीत सॅम्युएल इझीकेल दिवेकरांनी 1796 साली बांधलेलं प्रार्थनामंदिर हे लोक ‘जुनी मशीद’ म्हणत आले. तिथे धर्मग्रंथ वाचायला बोलावलेला माणूस आधी आशीर्वचन म्हणतो : सर्व लोकांतून आम्हांला निवडून ज्याने आपलं नियमशास्त्र दिलं, तो धन्य. निवडणं आणि नियम एकाच दमात.

प्रश्न : पण यांनाच का?

उत्तर : जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ पुस्तकाचा 7वा अध्याय पाहा. तुम्ही संख्येने जास्त होता म्हणून नव्हे, तुम्ही तर सगळ्यांत थोडे. प्रेम केलं म्हणून, आणि पूर्वजांपाशी शपथ वाहिली होती म्हणून. बस. मोठेपणाचं कारण तिथे मिळत नाही. आमोस संदेष्टा तर आणखी कडक, त्याच्या तोंडून देव म्हणतो : पृथ्वीवरच्या कुळांपैकी तुम्हांलाच ओळखलं, म्हणून तुमच्या अपराधांची शिक्षाही तुम्हांलाच. तोच पुढे 9व्या अध्यायात सांगतो की पलिष्टी आणि अरामी या शेजारच्या परक्या लोकांनाही, एकांना कफतोराहून आणि दुसऱ्यांना कीराहून, देवानेच आणलं. ‘फक्त आम्हीच’ म्हणणाऱ्याने हे वचन आधी वाचावं.

प्रश्न : मग देवाच्या योजनेवर शंका घेणं म्हणजे पाखंड का?

उत्तर : मुळीच नाही. इथे ‘शंका’पेक्षा ‘जाब’ म्हणा. शंका मनातल्या मनात राहते, जाब समोरच्याला विचारायचा असतो. देव आणि त्याचे लोक यांच्यातला करार दोन्हीकडून असतो, म्हणून वरलेल्याला तो हक्क आहे. देव सदोम शहराचा नाश करायला निघतो, तेव्हा इस्राएलचा मूळपुरुष अब्राहाम ‘इतके नीतिमान सापडले तर वाचवशील का’ म्हणत पन्नासावरून दहापर्यंत घासाघीस करतो आणि सगळ्या जगाच्या न्यायाधीशाने न्याय करू नये का, असं तोंडावर विचारतो. दुष्टांची भरभराट का होते, असं यिर्मया संदेष्टा विचारतो. विठोबाशी कडाकडा भांडणाऱ्या आपल्या संतांना हे परकं वाटलं नसतं.

निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या ईयोबाचं पुस्तक शेवटपर्यंत वाचा. दुःखाचं कारण त्याला देव सांगतच नाही. पण देवाची बाजू घेऊन त्याला गप्प करणाऱ्या मित्रांवर मात्र देव रागावतो : तुम्ही माझ्याविषयी ईयोबासारखं खरं बोलला नाहीत.