कंटाळा नव्हे, धास्ती

‘वय झालं की माणसं व्यायामाचा कंटाळाच करतात’ असं सर्रास म्हटलं जातं, ते मला पटत नाही. माझी आई घसरून पडली, त्यानंतर सहा महिने तिने उंबरा ओलांडला नाही. कंटाळा कसला, धास्ती होती ती! ओट्याला धरून टाचा उचलायच्या, हात न टेकता खुर्चीतून उठायचं, एवढ्यावरच सुरुवात केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत पासष्टीपुढे आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे, ती सगळ्यांना पाठ असते. पण तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस, हे त्यातलंच वाक्य कुणी सांगत नाही. आणि सोबत हवीच. शेजारच्या काकू फिरायला चला म्हणून हाक मारायला लागल्यापासून आई आधीच चपला घालून दारात उभी असते. वाटेत टेकायला एखादा बाक असता तर आणखी लांब गेली असती.