शब्दचर्चा: प्राधान्य, अग्रक्रम, पसंती (निमित्त शाळाप्रवेशाचं)

पाटीपेन्सिल: एक शंका. आरटीईच्या (शिक्षणहक्क कायद्याखालच्या प्रवेशांच्या) बातम्यांत वाचतो, शाळेपासून १ किमीच्या आत राहणाऱ्या मुलांना प्राधान्य. अकरावीच्या बातम्यांत वाचतो, पहिल्या प्राधान्याचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागेल. पहिल्यात सरकार मुलाला प्राधान्य देतंय, दुसऱ्यात मूल कॉलेजला. एकच शब्द दोन्ही बाजूंनी कसा काय चालतो?

भुईचाफा: दुसऱ्या ठिकाणी पसंतीक्रम पाहिजे. पसंती आपली, प्राधान्य देणाऱ्याचं. प्रधान वरून प्राधान्य, म्हणजे कोणीतरी ठरवणार की यातलं मोठं काय. अग्रक्रम त्यामानाने साधा, आधी कोण नंतर कोण एवढंच.

रिकामटेकडा: आणि बोलताना यातलं काहीच कोणी म्हणत नाही, "आधी नंबर कोणाचा" एवढंच विचारतात :)

ओसरी: पाटीपेन्सिल, तुमच्या पहिल्या वाक्यात खरा घोळ प्राधान्य आणि राखीव मधे होतो, आणि पालक तिथेच फसतात. पंगतीचं बघा. राखीव म्हणजे तुमचं ताट वाढून बाजूला ठेवलंय. प्राधान्य म्हणजे तुम्ही पहिल्या पंगतीला बसा, शेवटच्या पंगतीपर्यंत जिलबी उरेल याची हमी नाही.

आरटीईत दोन्ही एकावर एक बसवलेत आणि वर सोडत. खासगी विनाअनुदानित शाळेत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखीव, हे २००९ च्या कायद्याचं कलम १२. त्या जागांत आधी १ किमीच्या आतले, मग १ ते ३ किमीवाले, मग त्यापलीकडचे, हे प्राधान्य. आणि त्या टप्प्यात जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत.

आता जिथे मागणी खूप आहे तिथे काय होतं, तर पहिल्या टप्प्यातच जागा संपतात आणि दोन किमीवरच्या पोराचं "प्राधान्य क्रमांक दोन" कागदावरच राहतं. म्हणजे नियमात लिहिलंय "आधी" आणि अनुभवाला येतं "फक्त". २०२५-२६ ला राज्यात १ लाख ९ हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज ३ लाखांवर. एवढी ओढाताण असताना प्राधान्य हा शब्द मवाळ वाटतो, खरं तर तो दार लावून घेणारा शब्द आहे. अंतराचा नियम मला मुळात चूक वाटत नाही, सहा वर्षांच्या पोराला लांब पाठवू नये हे बरोबरच, पण ज्या शाळेच्या आसपास फक्त मोठ्या सोसायट्या आहेत तिथे पहिल्या टप्प्यात गरीब घरं असणार किती, आणि वस्तीला लागून असलेल्या शाळेत त्याच टप्प्यात दाटी. अंतर सगळ्यांना सारखंच मोजलं म्हणून संधी सारखी मिळाली असं होत नाही.

टपालवाला: अंतर मोजण्याचंच बोला. फॉर्म भरताना नकाशावर फुगा नेऊन आपल्या घरावर ठेवायचा असतो, आणि अंतर सरळ रेषेत. मधे रेल्वेलाईन असो, नाला असो, हायवे असो, नकाशाला पोरगं उडत जातंय. आमच्याकडे याला "फुग्याचं अंतर" आणि "पायाचं अंतर" म्हणतात, कोशात घ्या हवं तर. फुगा चुकला तर पुढे पडताळणीत प्रवेश रद्द होऊ शकतो. आणि भाड्याने राहणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. वस्तीत खोली देणारा मालक कुठला रजिस्टर करार करून देतोय! म्हणजे शाळेला खेटून राहणारा माणूस कागदावर शेजारी नसतो.

भुईचाफा: शेजार हा शब्द कायद्यात आहेच, मराठीत कोणी परिसर शाळा करतं कोणी शेजारशाळा. मला शेजारशाळा आवडतो. ही कल्पना कोठारी आयोगाने (१९६४-६६) मांडलेली, पण तेव्हा अर्थ वेगळा होता. एका परिसरातली सगळी मुलं, श्रीमंत गरीब कुठल्याही जातीची, एकाच शाळेत जातील अशी. आता उरलंय ते अंतर.

ओसरी: आणि त्याच शेजाराचा उलटा अर्थ लावायचा प्रयत्न झाला २०२४ मधे. फेब्रुवारीत राज्याने नियम बदलला की खासगी शाळेच्या १ किमीच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेला २५ टक्के लागू नाही. शहरात अशी शाळा नाही असा १ किमी सापडणार कुठे? म्हणजे जे अंतर मुलाच्या सोयीसाठी होतं ते शाळेला सूट मिळवून द्यायला वापरलं. अर्ज एकदम आटले त्या वर्षी, कारण पालक खासगी शाळांसाठीच तर अर्ज करतात. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलैला ती दुरुस्ती रद्दच केली, सुप्रीम कोर्टानेही पुढे तेच कायम ठेवलं.

चौकटराजा: शाळांची बाजू पण बघा की जरा. एका मुलामागे सरकार जास्तीत जास्त १७,६७० रुपये देणार आणि तेही वर्षानुवर्षं थकवणार. सरकारी भाषेत याला प्रतिपूर्ती म्हणतात, संस्थावाले परतावा म्हणतात. दोन्ही शब्दांत पैसे परत येतात असं गृहीत आहे हाच विनोद.

ओसरी: थकबाकीचा मुद्दा मान्य. पण भांडण सरकारशी आहे ना, मग दार मुलासमोर का लावायचं?

लीड्सकर: इंग्लंडातून. इथे सरकारी प्रायमरीला प्राधान्याची उतरंड छापील असते, शाळेगणिक थोडी वेगळी, पण पहिला नंबर सगळीकडे तोच, जी मुलं सरकारच्या देखरेखीखाली अनाथ किंवा घरापासून तुटलेली आहेत ती. साधारण त्यानंतर भावंडं आणि शेवटी अंतर, तेही बऱ्याच ठिकाणी सरळ रेषेतच, त्यामुळे टपालवाल्यांचा फुगा इथेही उडतो. चांगल्या शाळेजवळच्या घरांचे भाव चढतात, म्हणजे फी नाही पण घराच्या किमतीतून फी भरलीच.

प्रश्न असा की इथल्या कॅचमेंट एरियाला, म्हणजे शाळा ज्या भागातली मुलं घेते त्या भागाला, मराठीत काय म्हणू? कोशात बघितलं तर पाणलोट क्षेत्र. आईला फोनवर म्हटलं आम्ही पाणलोटात येतो तर ती म्हणाली मग घर बदला.

रिकामटेकडा: 😂 हद्द म्हणा. "शाळेच्या हद्दीत राहतो." पोलीस चौकीला चालतं ते शाळेला का नाही.

पाटीपेन्सिल: भावंडाला प्राधान्य हे मला पटतं. दोन पोरं दोन दिशांना सोडून कामावर जाणं ज्याने केलंय त्याला विचारा.

भुईचाफा: सोय म्हणून पटतं, न्याय म्हणून किती? दिल्लीत नर्सरीला खासगी शाळा गुण देतात. अंतराला, भावंडाला, काही ठिकाणी आईबाप त्याच शाळेत शिकले म्हणून सुद्धा. पहिल्या दोनांत निदान मुलाची पायपीट वाचते. तिसऱ्यात मुलाचं काहीच नाही, बापाच्या गेल्या जन्मीचं पुण्य. त्याला प्राधान्य म्हणू नये, मराठीत वारसाहक्क असा नीट शब्द आहे. मॅनेजमेंट कोट्यालाही आपल्याकडे जुना शब्द आहे, वशिला.

चौकटराजा: आता वंचित वर पण बोला. महाराष्ट्रात वंचित घटकात जातीवरून येणाऱ्यांना उत्पन्नाची अट नाही, आणि दुर्बल घटकाला वर्षाला १ लाखाच्या आत. दोन्हीत घोळ आहे माझ्या मते.

टपालवाला: १ लाख म्हणजे महिन्याला ८,३३३. सोसायटीचा वॉचमन पण याच्या वर जातो हो. मग एकतर तहसीलचा दाखला "जमवा" नाहीतर घरी बसा. दुर्बल म्हणवून घ्यायलाही ताकद लागते.

भुईचाफा: वंचित चा मूळ संस्कृत अर्थ फसवला गेलेला, प्रवंचना त्यातूनच. पैसा नसलेला असा अर्थ त्यात नव्हताच. पिढ्यान् पिढ्या ज्यांना शाळेबाहेर ठेवलं त्यांना तो शब्द बरोबर लागू होतो, पगार कितीही असो. पण एकाच वर्गवारीत चांगल्या पगारवाल्याचा आणि सफाई कामगाराचा अर्ज एकाच सोडतीत पडतो, आणि सोडत आंधळी असते, हे चौकटराजांचं म्हणणं असेल तर त्यात तथ्य आहे. त्याच घटकात अतिगरीबाला आधी नंबर देता येईल, गट काढून टाकायची गरज नाही.

चौकटराजा: हेच म्हणत होतो, तुम्ही नीट म्हणालात.

रिकामटेकडा: सोडत वर कोणी बोललंच नाही. सोडत निघते, काढतात, जाहीर होते, पण "सोडत लागली" कोणी म्हणत नाही. लॉटरी मात्र लागते.

ओसरी: कारण लॉटरी लागणे म्हणजे जिंकणे, सोडत म्हणजे नुसती काढण्याची क्रिया. म्हाडाची सोडत, वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत, तसंच. पालक "सोडतीत नंबर लागला" म्हणतात ते व्याकरणाने अगदी बरोबर.

टपालवाला: आणि नाही लागला तर "वेटिंगला आहे". प्रतीक्षा यादी फक्त मेसेजमधे. पाटीपेन्सिल, तुमचं अर्जाचं काही चालू असेल तर एवढं बघा की नंबर लागला म्हणजे प्रवेश झाला असं नाही, मुदतीत पडताळणी समितीपुढे कागद दाखवले नाहीत तर जागा वेटिंगवाल्याला जाते.

पाटीपेन्सिल: पुतणीचं आहे. भाडेकरार आधी रजिस्टर करायला सांगतो.