रत्नागिरीत शाळेच्या मुलांसाठी हेरिटेज वॉक करायचाय, सुरुवात कुठून करू?

मांडवीची_ताई
नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत आठवी-नववीला इतिहास शिकवते. आमची मुलं सहलीला रायगड-प्रतापगड बघून येतात पण टिळक आळीतून रोज जाणाऱ्या पोरांनी टिळकांचं घर आतून बघितलेलं नसतं, हे मनाला फार लागतं. म्हणून दिवाळीनंतर गावातच पायी फिरायचा एक मार्ग ठरवायचाय, नुसती सहल नको, शिकायला मिळेल असा, आणि पुढे दुसऱ्या शाळांनाही वापरता यावा. यादी केली तर टिळक जन्मस्थान, पतितपावन मंदिर, थिबा राजवाडा, रत्नदुर्ग, दीपगृह, मांडवी, नगर वाचनालय, एवढं सगळं झालं. हेडसर म्हणतात प्रत्येक ठिकाणी माहितीची पाटी लावूया. बजेट अगदी थोडं आहे. कोणी असं काही केलंय का?

जांभ्याचा_चिरा
ताई, यादी निम्मी करा आधी. रत्नदुर्ग आणि दीपगृह त्या टोकाला, राजवाडा वर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या पठाराच्या बाजूला, पोरं चालून दमतील आणि शेवटच्या दोन ठिकाणी तुमचं बोलणं कोणी ऐकणार नाही. किल्ल्याला वेगळा दिवस द्या.

आणि ठिकाणांपेक्षा एक प्रश्न धरून चाला असं मला मनापासून वाटतं. आपल्या गावाकडे असा प्रश्न आहे जो दुसऱ्या कुठल्या गावाकडे क्वचितच असेल: इंग्रज सरकार माणसाला त्याच्या मुलखातून उचलून लांब का ठेवायचं? बघा ना, ब्रह्मदेशचा राजा थिबा, 1885 ला मंडालेहून काढला आणि 1886 ला रत्नागिरीत आणून ठेवला. आधी बंगल्यांत, मग 1910 मध्ये राजवाडा बांधून झाला तेव्हा तिथे, आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. आणि 1856 ला आपल्या टिळक आळीत जन्मलेले लोकमान्य 1908 ते 1914 कुठे होते? मंडालेच्या तुरुंगात! म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत, एकाच वेळी. हे मुलांना आधी सांगू नका. टिळकांच्या घरात मंडाले हा शब्द कानावर घालायचा, राजवाड्यात परत तोच शब्द येतो, कोणीतरी पोर स्वतःच ओरडेल की बाई हे तर तेच गाव. तिसरे सावरकर, 1924 ला सुटले ते रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारण करायचं नाही या अटीवर, ते 1937 पर्यंत. त्या काळातलंच पतितपावन, 1931 चं, पैसा भागोजीशेठ कीरांचा, सगळ्या जातींना आत प्रवेश. झाला की मार्ग तयार.

भाट्ये_खाडी
वरच्या दादांचं एकदम पटलं. पाट्यांचं मात्र आत्ताच सांगते, घाई करू नका. टिळकांचं घर आणि राजवाडा पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे खिळासुद्धा विचारल्याशिवाय ठोकता येत नाही, रीतसर पत्र द्यावं लागतं. शिवाय आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, पत्र्याची पाटी किती टिकणार? आमच्या भागात एका संस्थेने हौसेने लावलेल्या पाट्यांची अक्षरं आज वाचता येत नाहीत. त्यापेक्षा मुलांच्या हातात एक दुमडायचा नकाशा द्या, झेरॉक्स काढला तरी चालतो, दरवर्षी सुधारता येतो. नकाशा मुलांनीच काढला तर अजून चांगलं.

राजवाड्यात म्युझियम आहे, सोमवारी बंद असतं, तरी जायच्या आधी विचारून घ्या. सकाळी लवकर निघा, नोव्हेंबर असला तरी दहानंतर सड्यावर ऊन लागतं. आणि आळीतल्या लोकांना आदल्या आठवड्यात जाऊन सांगून या, पन्नास पोरं अचानक अंगणाशी उभी राहिली की माणसं वैतागतात, आधी सांगितलं तर तीच आजी-आजोबा स्वतः माहिती सांगायला बाहेर येतात.

मांडवीची_ताई
मंडालेचं वाचून अंगावर काटा आला, इतकी वर्षं शिकवते पण दोन्ही शेजारी ठेवून कधी सांगितलं नव्हतं. एक विचारते. सावरकरांवर बोलताना वर्गात घरचे वाद येतात, पालकही येतात. ते कसं करता?

जांभ्याचा_चिरा
तिथे आपण निकाल द्यायचा नाही, देवळासमोर उभं राहून विचारायचं, 1931 च्या आधी या गावात देवळात कोण जाऊ शकत नव्हतं, आणि आत्ता आपल्या ओळखीत कोणाला अजून काही अडवलं जातं का. मुलं उत्तर देतात, खरं देतात. बाकीचा वाद मोठं झाल्यावर करतीलच.

थिबाबद्दल पण नुसतं बिचारा राजा असं नको. पेन्शन पुरत नाही म्हणून तो सरकारला अर्ज करत राहिला. राणी सुपयालत 1919 ला परत गेली पण राजाची समाधी रत्नागिरीतच राहिली, ती राजवाड्याच्या आवारात नाही, वेगळी आहे. 2012 मध्ये म्यानमारचे, म्हणजे त्याच ब्रह्मदेशचे राष्ट्राध्यक्ष तिथे येऊन गेले. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू तर इथेच वाढली, मराठी बोलत. मुलींच्या गटाला हा धागा द्या, त्या जास्त खणून काढतील.

कौलारू_घर
इतिहासासोबत दगडपण दाखवा हो. टिळकांच्या घराची उतरती कौलं आणि राजवाड्याच्या अर्धगोल नक्षीच्या खिडक्या, दोन्हीकडे थांबून रेखाटन काढायला लावा, दहा मिनिटं गप्प बसून. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, म्हणून कोकणात चिरे तासून घरं उभी राहिली, हे सायन्सच्या सरांना सोबत घेऊन सांगा. राजवाड्याजवळ थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी दिसते, तिथे डबे उघडा आणि विचारा, राजाला हा समुद्र बघून काय वाटत असेल. लिहून घ्या, पुढच्या वर्षीच्या नकाशात मुलांची ती वाक्यं छापा. मार्ग ठरला की इथे टाका ताई, आमच्या राजापूरच्या शाळेला पण यायचंय.