‘समग्र उपचारपद्धती’ : शब्द आणि त्याचे वय

प्रश्न : ‘होलिस्टिक हीलिंग’साठी ‘समग्र उपचारपद्धती’ हा प्रतिशब्द आता रूढ होत आला आहे आणि त्याआधी ‘प्राचीन’ हे विशेषणही बहुधा जोडलेले असते. हे विशेषण कितपत खरे आहे? आणि ‘समग्र’ऐवजी ‘सर्वांगीण’ म्हणणे अधिक बरे नाही का?

उत्तर : शब्दापुरते पाहिले तर ‘प्राचीन’ म्हणण्याला आधार नाही. ‘होलिझम’ ही संज्ञा यान स्मट्स यांनी १९२६ साली ‘होलिझम अँड इव्होल्यूशन’ या ग्रंथातून रूढ केली. स्मट्स हे दक्षिण आफ्रिकेचे सेनानी आणि पुढे पंतप्रधान. वैद्यकाशी त्यांचा काही संबंध नव्हता. सुट्या घटकांच्या निव्वळ बेरजेहून अधिक अशी पूर्णरूपे घडवण्याकडे निसर्गाचा कल असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते आणि त्यासाठी त्यांनी ‘पूर्ण’ या अर्थाचा ‘होलोस’ हा ग्रीक शब्द घेतला. आरोग्याच्या क्षेत्रात ही संज्ञा बोकाळली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ‘अमेरिकन होलिस्टिक मेडिकल असोसिएशन’ १९७८ साली स्थापन झाली.

माणसाकडे पूर्णरूपाने पाहून इलाज करण्याचा विचार मात्र खरोखरच जुना आहे. प्लेटोच्या ‘खार्मिडीस’ या संवादात सॉक्रेटिस एका थ्रेशियन वैद्याचे मत सांगतो : डोक्यावाचून डोळ्यांवर, शरीरावाचून डोक्यावर आणि आत्म्यावाचून शरीरावर इलाज करू जाऊ नये. सुश्रुतसंहितेतील ‘स्वस्थ’ मनुष्याची व्याख्या दोष, अग्नी, धातू आणि मलक्रिया यांच्या समतोलापाशी थांबत नाही. ‘प्रसन्नात्मेन्द्रियमनाः’ ही अटही ती घालते, म्हणजे आत्मा, इंद्रिये आणि मन प्रसन्न असल्याखेरीज कोणी स्वस्थ ठरत नाही.

घोटाळा होतो तो पुढे. विचाराचे वय एकेका उपचाराला चिकटवले जाते. होमिओपॅथीचा पायाभूत ग्रंथ, हानेमान यांचा ‘ऑर्गनॉन’, १८१० सालचा आहे. कायरोप्रॅक्टिक, म्हणजे पाठीचा कणा हातांनी दाबून-हलवून करायचा उपचार, १८९५ मध्ये सुरू झाली. रेकीची, म्हणजे हात ठेवून करायच्या उपचाराची, परंपरा मिकाओ उसुई यांनी १९२२ मध्ये जपानात घालून दिली. मध्य युरोपातील सायलेशिया प्रांतात ग्रेफेनबर्ग येथे व्हिन्सेंट्स प्रीसनिट्स हा शेतकरी कुटुंबातला माणूस एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जलोपचार करीत असे. थंड पाण्यात भिजवून पिळलेल्या चादरीत तो रुग्णाला गुंडाळी आणि वरून घोंगड्या लपेटून अंगाला घाम फुटेपर्यंत निजवून ठेवी. त्या काळी युरोपातील प्रस्थापित वैद्य रुग्णाचे रक्त काढीत आणि पाऱ्याची औषधे देत. तेव्हा लोकांना ओली चादर परवडली, यात नवल नाही. यांतील अनेक पद्धतींचा जन्म प्राचीन ज्ञानाच्या पुनरुज्जीवनापेक्षा समकालीन वैद्यकावरच्या नाराजीतून झाला, असे माझे मत आहे. (जुने ते सौम्य, हेही गृहीत धरू नये, सुश्रुतसंहितेत जळवा लावून रक्त काढण्यावर स्वतंत्र अध्याय आहे.)

आता ‘सर्वांगीण’विषयी. व्युत्पत्तीच्या दृष्टीने आपली सूचना निराधार नाही, कारण ग्रीक ‘होलोस’ आणि संस्कृत ‘सर्व’ हे एकाच मूळ धातूपासून आलेले मानले जातात. पण मराठीत ‘सर्वांगीण’ हा शब्द विकास, प्रगती, अभ्यास यांच्याशी इतका जखडला गेला आहे की ‘सर्वांगीण उपचार’ म्हटल्यावर सर्व अंगांना तेल चोळण्याचा भास होतो. ‘समग्र’ला ही अडचण नाही.

पुरवणी : वरील उत्तरात ‘उपचार’ या शब्दाचा विचार राहिला आहे, तो महत्त्वाचा वाटतो. ‘उपचार’ म्हणजे मुळात जवळ राहून केलेली सेवा. षोडशोपचार पूजेत तो अर्थ आजही टिकून आहे आणि ‘औपचारिक’ हा शब्दही तिथूनच आला. ग्रीक ‘थेरापेइया’चा अर्थही सेवा, शुश्रूषा असाच होता. ‘चिकित्सा’ या शब्दाला मात्र मराठीत परीक्षणाची, कसून तपासण्याची छटा आहे. म्हणून रुग्णाकडे शरीर, मन आणि परिस्थिती यांसह पाहण्याच्या भूमिकेला ‘समग्र दृष्टी’ म्हणावे. जलोपचार, रेकी, होमिओपॅथी यांना आपापल्या नावाने ओळखावे. आणि ‘समग्र चिकित्सा’ हा शब्दप्रयोग जिथे निदान व तपासणी खरोखर होते, तेवढ्यापुरता राखून ठेवावा.