लसणाचा वास, गुलाबी फुलं. हे नक्की काय आहे?

कळंबेकरीण: कळंब्याला भाड्याच्या घरी राहायला आलो, तेव्हापासून कंपाउंडच्या कडेला गवतासारखी दाट बेटं आहेत. पाती चपटी, राखाडी हिरवी. मधून दीड फुटाचे दांडे आणि टोकाला फिकट जांभळट गुलाबी फुलांचा झुपका. एकात चौदा मोजली. परवा सासूबाईंनी विळ्यानं तण काढताना दोन बेटं कापली, तर हाताला दुसऱ्या दिवसापर्यंत लसणाचा वास! त्यांचं म्हणणं, "जंगली लसूण हाय, तांबड्याच्या वाटणात टाकूया." मी कसंबसं थांबवलंय. रविवारी पाहुणे यायचे आहेत, लवकर सांगा.

रंकाळा७२: रेन लिली आहे ताई. आमच्यात पण पहिल्या पावसाला अशीच गुलाबी फुलते.

मातीचे_हात: रेन लिली नव्हे. तिच्या एका दांड्यावर एकच फूल येतं आणि तिला लसणाचा वास नसतो. तिचा कंद विषारी असतो, म्हणून हा फरक नीट बघा. आणि आपला लसूणही नव्हे. तो दिवाळीच्या आसपास लावतात, उन्हाळा लागला की पात वाळते आणि आपल्याकडे तो सहसा फुलावर येतच नाही. तुमचं बेट बारा महिने हिरवं असेल तर मला तुलबाघिया वाटतंय, नर्सरीत 'सोसायटी गार्लिक' म्हणतात. मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. 1751 ते 1771 या काळात तिथल्या केप वसाहतीचा डच गव्हर्नर असलेल्या रिक तुलबाघवरून हे नाव पडलं. म्हणजे जंगली खरं, पण तिकडच्या जंगलातलं. तुमच्याकडे कुणीतरी हौसेनं लावलेलं असणार.

खात्री करायची तर फुलाच्या तोंडात बघा. सहा पाकळ्यांच्या मधोमध बारीक खवल्यांचं कडं दिसेल. लसूण-कांद्याच्या फुलात ते नसतं. शिवाय एक रोप मुळासकट उपटा: सोलता येतील अशा कुड्या निघणार नाहीत, जाडसर गड्डा निघेल.

रंकाळा७२: बरोबर, माझी चूक. एका दांड्यावर चौदा म्हटल्यावरच कळायला पाहिजे होतं.

कळंबेकरीण: आत्ताच बघून आले. कडं आहे! उपटलं तर कुड्या नाहीत, नुसता गड्डा आणि जाड मुळं. मग खायचं का?

मातीचे_हात: आफ्रिकेत पानं-फुलं खातात. पण फोटोसुद्धा न बघता मी तुमच्या रश्श्याची जबाबदारी घेणार नाही. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात फुलासकट एक दांडा दाखवून या. आणि आपल्याकडच्या डोंगरात कोळकांदा असतो, तोही कांद्यासारखाच दिसतो आणि विषारी असतो. सासूबाईंना तेवढं सांगून ठेवा. बाकी बेटं ठेवा, फक्त पाणी साचू देऊ नका, गड्डे कुजतात.

कळंबेकरीण: सांगितलं. म्हणाल्या, "मग बाजारातला पाव किलो आण, आणि त्या फुलांचा गजरा तरी होतो का बघ." वासाचं आठवून दोघीही हसत सुटलो.