पेसमेकर असलेल्या माणसाचं दहन: यंत्र काढायचं की राहू द्यायचं?

मुचकुंद
छातीत पेसमेकर असेल तर दहनाआधी तो काढावाच लागतो का? कुणी काढायचा, कधी? "प्रेताला सुरी लावायची नाही" असं घरातली वडीलधारी म्हणतात, त्यांना काय सांगावं? आणि यंत्र ठोके देतच राहिलं तर जीव अडकतो, हे खरं का?

उजवी जवनिका
काढावाच. लाकडाची चिता असो की विद्युतदाहिनी. टायटॅनियमच्या हवाबंद डबीत बहुधा लिथियम-आयोडीनची बॅटरी असते. लिथियम 180 अंशांना वितळतं, आयोडीन 184 ला उकळतं, आणि दाहिनीत तापमान 800 च्या वर जातं. वाफेला वाट नाही, म्हणून डबी फुटते. 1976 मध्ये इंग्लंडात सोलिहलच्या दाहिनीत असा स्फोट झाल्याची नोंद आहे. दाहिनीच्या विटा, दार यांचं नुकसान होतं. उघड्या चितेपाशी तर माणसंच उभी असतात.

काढणं सोपं आहे. डबी गळपट्टीच्या हाडाखाली, बहुतेक वेळा डाव्या बाजूला, कातडीखाली हाताला लागते. जुन्या व्रणावरच चार-पाच सेंटिमीटरचा छेद घ्यायचा, भोवतीचं तंतुमय आवरण कापायचं, डबी बाहेर ओढून हृदयाकडे जाणाऱ्या तारा तोडायच्या आणि टाके घालायचे. तारा आत राहिल्या तरी चालतं, स्फोट बॅटरीचा होतो. पंधरा-वीस मिनिटांचं काम. मृत्यू रुग्णालयात झाला तर मृतदेह ताब्यात घेण्याआधीच सांगा. घरी झाला तर आंघोळ घालायच्या आधी डॉक्टरला बोलवा. तिरडी बांधून झाल्यावर आठवलं की सगळ्यांचीच पंचाईत होते. डबी घरच्या कचऱ्यात टाकू नका, रुग्णालयात परत द्या.

ताम्रतार
वरच्या प्रतिसादात एक धोक्याची गोष्ट राहिली. यंत्र आयसीडी, म्हणजे झटका देणारं असेल, तर *आधी बंद करून घ्या, मगच तारांना हात लावा.* चालू यंत्राची तार कापताना जी खरखर होते तिला ते हृदयाची बेताल धडधड समजतं आणि कापणाऱ्याला 30-40 ज्यूलचा झटका देऊ शकतं. प्रोग्रामरने, म्हणजे यंत्राची मांडणी बाहेरून बदलणाऱ्या उपकरणाने, बंद करणं उत्तम. तो नसेल तर डबीवर वर्तुळाकार चुंबक ठेवतात, पण बहुतेक यंत्रांत चुंबक उचलला की झटका देण्याची सोय पुन्हा चालू होते. म्हणून तो चिकटपट्टीने पक्का करा. पाकिटातलं ओळखपत्र पाहिलं की पेसमेकर की आयसीडी ते कळतं. ते कार्ड आधारकार्डासोबतच ठेवावं.

आजारी माणूस अखेरच्या टप्प्यात असतानाच झटके बंद करण्याबद्दल हृदयरोगतज्ज्ञाशी बोलून घ्या. नाहीतर मरणासन्न माणसाला नाहक झटके बसत राहतात.

शांताकार
जीव अडकत नाही. पेसमेकर हृदय चालवत नाही, टिचकी मारतो, बस. प्राणवायू थांबल्यावर स्नायू त्या टिचकीला प्रतिसादच देत नाही. घोटाळा मॉनिटरमुळे होतो: मृत्यूनंतरही पडद्यावर मिनिटाला साठेक उभ्या रेघा उमटत राहतात आणि नातेवाईक म्हणतात, "अजून चालू आहे!" डॉक्टर नाडी, श्वास आणि डोळ्यांच्या बाहुल्या पाहतात, रेघा नाही.

सुरीचं म्हणाल, तर अंगावरचे दागिने आपण उतरवतोच ना? शवविच्छेदन झालेल्या देहालाही सगळे संस्कार होतात, मंत्र बदलत नाहीत. लिंगायत, मुस्लिम, ख्रिश्चन कुटुंबांत सहसा दफन करतात, तिथे स्फोटाचा प्रश्नच येत नाही.

मुचकुंद
गुडघे बदललेले असतील तर? कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट? पार्किन्सनसाठी बसवलेलं यंत्र?

उजवी जवनिका
पार्किन्सनचं यंत्र: छातीतली बॅटरी काढायची, मेंदूतल्या तारा राहू द्या. कॉक्लिअरच्या आतल्या भागात बॅटरी नसते, कानामागचा प्रोसेसर तेवढा उतरवा. कातडीखालचा छोटा लूप रेकॉर्डर (हृदयाचे ठोके नोंदवणारं यंत्र) विसरू नका, त्यातही बॅटरी असते. तारेविना थेट हृदयात बसवलेला पेसमेकर मात्र असा छेद घेऊन निघत नाही. त्याचं काय करायचं ते डॉक्टरला आधीच विचारा आणि स्मशानातल्या कर्मचाऱ्यालाही सांगा.

गुडघे-खुब्यांना हात लावायची गरज नाही. प्लॅस्टिक जळतं, धातू उरतो. राख सावडताना काळवंडलेली गोळी किंवा पट्टी सापडेल. चिमट्याने बाजूला ठेवा आणि अस्थींबरोबर नदीत सोडू नका.