फोटोवरून शिवलेला ड्रेस: तुमचे अनुभव

सुईदोरा
काल माळ्यावरच्या बॅगा खाली काढल्या आणि एकीच्या तळाशी माझा काळा ड्रेस निघाला. इस्त्रीची घडी अजून तशीच. बराच वेळ तिथेच जमिनीवर बसून राहिले.

ऑड्री हेपबर्नने १९६१च्या 'ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज' सिनेमात घातलेला, जिव्हान्शी या फ्रेंच डिझायनरचा. कॉलेजच्या निरोप समारंभाला मला तोच हवा होता. हाताशी मासिकातलं एकच कात्रण, तेही समोरून काढलेलं. आई म्हणाली, "समोरचं दिसतंय गं, पण पाठीचं काय?"

तिने आधी जुन्या चादरीवर बेतला. छातीखालचे टक्स तीनदा उसवले. सॅटिनला सुईची भोकं राहतात, तेव्हा काय चुकायचं ते चादरीवर चुकून घ्या, असं तिचं म्हणणं. पाठ तिने मनानेच ठरवली. मधोमध पानाच्या आकाराचा गळा, कडेला त्याच कापडाची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी आत वळवून हाताने घातलेले टाके, इतके बारीक की उलट बाजूनेही शोधावे लागतात.

सिनेमा पाहिला तो कितीतरी वर्षांनी. सुरुवातीलाच ती दुकानाच्या काचेसमोर पाठमोरी उभी असते आणि त्या ड्रेसचं सगळं सौंदर्य पाठीतच आहे! खांद्यांजवळ कापड गोलाईत कापून उघडं ठेवलंय. आमची पाठ अगदी वेगळी. मला आमचीच आवडते.

आई जाऊन सहा वर्षं झाली. तुम्ही कुणाचं काय शिवलंत? लिहा ना.

रानजाई
डायनाचा. लग्नातला. मैत्रिणीसाठी. मूळ शेपूट २५ फुटी, आमचं ४ फुटी.
टॅफेटाच, म्हणजे तेच कडक, चकचकीत कापड पाहिजे म्हणून मी हटून बसले. गाडीतून उतरेपर्यंत असा चुरगळला की मला रडू आलं. मग कुणीतरी सांगितलं, १९८१ला डायना बग्गीतून उतरली तेव्हा तिचाही चुरगळलेलाच होता आणि सगळ्या जगाने तो तसा पाहिला. टॅफेटाचा गुणच तो, घडी पडली की धरून ठेवतो. मैत्रीण मात्र दिवसभर खुशीत होती. बाह्यांचे फुगे उभे राहावेत म्हणून आत कडक जाळीची पट्टी घातली होती, ती तिला टोचत होती म्हणे, पण ते तिने वर्षभराने सांगितलं.

उनाड
काय सुंदर धागा! बाळ झोपलंय, कधीही उठेल. रात्री येते.

निळाई
सुईदोरा, वाचून डोळे भरले. आईंच्या हाताला सलाम.

पिंपळपान
शिवण नाही, विणकाम चालेल का?
२०२०मध्ये गायक हॅरी स्टाइल्सचं ते रंगीत ठिगळांचं कार्डिगन. मुलीने फोटो दाखवला, "बाबा, हे." मी आजीकडून लहानपणी विणायला शिकलेलो, पण स्वेटर विणून वीस वर्षं झालेली. फोटो मोठा करून चौकोन मोजले, एकेका चौकोनातले टाके मोजले. बाही दंडाखाली जायची, तिथे काही दिसेना. तिथले रंग मुलीने निवडले.
अर्धं झालं आणि त्याचा डिझायनर जोनाथन अँडरसनने मूळ नमुनाच सगळ्यांसाठी फुकट खुला केला! जगभर इतके लोक ते विणत बसले होते म्हणून. मुलगी म्हणाली, उसवून त्याप्रमाणे करू या का? नाही उसवलं. मूळ कार्डिगन आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आमचं मुलीच्या खुर्चीवर.

रानजाई
पिंपळपान, विणणारे बाबा! फोटो हवाच.

चांदणचुरा
उरेब!! त्या एका शब्दासाठी लॉगिन केलं.
कॅरोलिन बेसेटने १९९६ला जॉन केनेडी ज्युनिअरशी लग्नात घातलेला तो साधा स्लिप गाऊन, डिझायनर नार्सिसो रॉड्रिगेझचा. बघताना वाटतं काय आहे त्यात, ना लेस ना मणी. शिवायला घ्या मग कळेल. सगळं उरेब कापडावर, म्हणजे ४५ अंशांत. कापड दीडपट लागतं आणि टेबलावरून नुसतं घसरतं. मी खाली कागद अंथरून कागदासकट कापलं. टीप मारताना मशीनवर दोऱ्याचं टेन्शन सैल आणि अगदी बारीक झिगझॅग, नाहीतर अंगात घालताना दोरा तटकन तुटतो.
सगळ्यात महत्त्वाचं, खालची दुमड लगेच घालायची नाही. एक दिवस, एक रात्र हँगरला लोंबू द्यायचं. माझा दोन्ही बाजूंनी चार-चार सेंटिमीटर उतरला होता. मग घालून उभं राहायचं आणि दुसऱ्या कुणीतरी जमिनीपासून पट्टीने मोजून खुणा करायच्या. स्वतःच्या स्वतःला जमत नाही ते.

निळाई
चादरीऐवजी मांजरपाट घेतला तर? कोरा की धुतलेला?

सुईदोरा
धुऊन, इस्त्री करून. कोरा आटतो आणि त्यात खळ असते, त्यामुळे कापड कसं पडेल ते कळत नाही. पण चांदणचुरासारखं उरेब करणार असशील तर मांजरपाटाने काहीच समजणार नाही. तिथे कापड मऊ, लोंबणारंच हवं.

चांदणचुरा
+१

वाटसरू
मी स्वतः शिवत नाही. एका शिंप्याकडे फोटो आणि कापड दिलं होतं, मर्लिन मन्रोचा सिनेमातला पांढऱ्या चुण्यांचा ड्रेस, डिझायनर ट्रॅव्हिलाचा. त्यांनी रेयॉनवर इस्त्रीने चुण्या पाडून दिल्या. दिसला छान. पहिल्या धुण्यात एकही चुणी उरली नाही. फार वाईट वाटलं होतं. कापड आईने वाढदिवसाला दिलेलं.

चांदणचुरा
अरेरे. रेयॉनवर इस्त्रीच्या चुण्या टिकत नाहीत. पॉलिएस्टर उष्णतेने कायमचं बसतं, म्हणून धुवायच्या कपड्यांच्या चुण्यांना तेच वापरतात. कापड अजून असेल तर फेकू नका. कमरेत बारीक चुण्या घेऊन साधा घेर होईल त्याचा.

वाटसरू
आहे अजून. खरंच होईल? विचारते कुणाला तरी.

रानजाई
मला विचारा :)

मोरपीस
कुणाकडे अजून पायाची मशीन आहे का? पट्टा सैल झालाय, चाक फिरतं पण सुई हलत नाही.

पिंपळपान
पट्ट्याचं एक टोक अर्धा इंच कापा, नवीन भोक पाडा, तीच तारेची कडी परत अडकवा. फार घट्ट नको, पाय दुखतील.

मोरपीस
झालं! चालली!! धन्यवाद. विषयाचं लिहायचं राहिलंच. केट मिडलटनच्या २०११च्या लग्नातल्या ड्रेसच्या लेसवर काम करणाऱ्या बायका दर अर्ध्या तासाने हात धुवायच्या आणि दर तीन तासांनी सुई बदलायच्या. हे वाचल्यापासून पांढरं शिवताना मी शेजारी ओला रुमाल ठेवते आणि प्रत्येक नव्या कपड्याला नवी सुई. खूप फरक पडतो, करून बघा.

उनाड
आले. झोपला एकदाचा.
माझा हंस! गायिका ब्यॉर्कने २००१च्या ऑस्करला घातलेला, गळ्याभोवती हंसाची मान असलेला ड्रेस. थोरलीला शाळेत वेशभूषेला. जुना पांढरा फ्रॉक, त्यावर जाळीच्या झालरीचे सात थर. अडलं ते मानेपाशी. कापूस भरला तर हंस मान टाकायचा. आत तार घातली तर डोकं थेट लेकीच्या नाकासमोर. शेवटी तारेवर फोम गुंडाळला आणि चोच फ्रॉकला दोन टाक्यांनी अडकवली. लेक स्टेजवर गेली, हंसाला थोपटलं आणि परत आली. ठरलेली दोन वाक्यं बोललीच नाही. तो हंस आता धाकट्याच्या उशाशी असतो. उठला, जाते.

निळाई
हंसाला थोपटलं! गोड आहे गं पोर.

सुईदोरा
सगळं वाचतेय दिवसभर, कामं तशीच पडलीत. आज संध्याकाळी भाचीने ड्रेस घालून पाहिला. खांद्यात, छातीत बरोब्बर. कमरेत आवळतो. उलटा करून पाहिलं, तर आईने दोन्ही शिलाईंत दीड-दीड इंच कापड सोडून ठेवलंय. मला कधी कळलंच नव्हतं. आता उसवायचं तर आहे, पण जुन्या टिपेची भोकं सॅटिनवर दिसतील ना?

चांदणचुरा
दिसतील थोडी. उलट बाजूने वाफ दे आणि नखाने अगदी हलकेच घास, बरीच बुजतात. आधी आतल्या कडेवर करून बघ.

रानजाई
आणि फोटो टाकशील तेव्हा पाठीचा टाक गं.